विहिरीतला फुटबॉल, नॉर्वेकडचा सील आणि घमेल्यात घातलेलं तोंड

येरळाकाठ | ११ मे, सकाळी १०:१२

पोरांना सुट्टी लागली म्हणून आठवडाभर गावी आलोय. गाव पलूसजवळ. काल दुपारी पोरांना मळ्यातल्या विहिरीवर नेलं, पाठीला डबे बांधून पाण्यात सोडलं, आणि पायरीवर बसल्या बसल्या एक जुनं वाक्य आठवलं. त्यावरूनच हा धागा.

आमचे थोरले चुलते, आण्णा. आता वय ७४. त्यांच्या उमेदीच्या काळात शिवारात कुणाच्याही विहिरीत फुटबॉल अडकला की बोलावणं आण्णांना. मोटर चालू आहे, पाणी उचलत नाही, उसाला पाळी आलेली आणि लाइट फक्त चार तास. अशा वेळी पाइप वर ओढत बसण्यापेक्षा एक माणूस खाली गेलेला परवडतो. आण्णा शेवटच्या पायरीवर निवांत बसायचे. घाई अजिबात नाही. ओंजळीनं तोंडावर, कपाळावर, मानेवर पाणी मारायचे. मग एकच श्वास घेऊन सक्शन पाइप धरायचे आणि हातावर हात टाकत खाली. पाणी पंचवीस-तीस फूट तरी असायचं. आम्ही पोरं वर कठड्यावर मोठ्यानं आकडे मोजायचो. ऐंशी, नव्वद, शंभर. आम्हालाच दम लागायचा. आण्णा वर यायचे ते मूठभर शेवाळ नाहीतर खताच्या पिशवीचा तुकडा घेऊन, आणि धापा टाकत नसायचे. "भ्या वाटत न्हाय का?" विचारलं की म्हणायचे, "खाली गेल्यावर काळीज गप बसतं."

मला वाटायचं हे धाडसाचं बोलणं आहे. चाळिशीत कळलं की ते शब्दशः खरं होतं. पाण्यात तोंड घालून श्वास धरला की माणसाचं हृदय सावकाश चालायला लागतं. याला डायव्हिंग रिफ्लेक्स म्हणतात. आपल्या शाळेच्या भाषेत बुडीची प्रतिक्षिप्त क्रिया.

ती सापडली कशी हे मात्र फार मजेशीर आहे, कारण सुरुवात माणसापासून झालीच नाही. १७८० च्या दशकात एडमंड गुडविन या इंग्रज डॉक्टरनं बुडणाऱ्या प्राण्यांची नाडी मंदावते असं लिहून ठेवलं होतं, पण ते तसंच पडून राहिलं. १८७० साली फ्रान्समध्ये पॉल बर्टनं बदक आणि कोंबडी यांची तुलना केली. बदक पाण्याखाली कोंबडीपेक्षा कितीतरी जास्त टिकतं आणि बुडवल्यावर त्याचं हृदय हळू पडतं. बर्टचा अंदाज असा की बदकाच्या अंगात रक्त जास्त, म्हणून प्राणवायूचा साठा जास्त. पटण्यासारखं आहे. पण पुढे शार्ल रिशेनं (ज्याला १९१३ चं नोबेल मिळालं तोच, ते मात्र ॲलर्जीशी संबंधित कामाबद्दल) एक क्रूर पण डोकेबाज प्रयोग केला. बदकांची श्वासनलिका बांधून टाकली. काहींना हवेत ठेवलं, काहींना पाण्यात. श्वास दोघांचाही बंद, रक्त दोघांत सारखंच. तरी पाण्यातली बदकं कितीतरी जास्त वेळ जगली. म्हणजे साठा हे कारण पुरत नाही. पाणी लागल्यावर शरीर आहे तोच साठा वेगळ्या रीतीनं खर्च करतं.

वेगळ्या म्हणजे कशा, हे दाखवलं पेर शोलांडर या नॉर्वेत शिकलेल्या डॉक्टरनं. त्यानं सील (समुद्रात बुड्या मारणारा प्राणी) फळीला बांधून टबात बुडवले आणि बुडी चालू असताना त्यांचं रक्त काढून तपासलं. शंभराच्या वर चालणारं हृदय दहाच्या आसपास आलं. आणि खरी गंमत रक्तात होती. दम कोंडल्यावर स्नायूंत लॅक्टिक ॲसिड तयार होणार हे ठरलेलं. पण बुडी चालू असताना रक्तात ते वाढतच नव्हतं. सील वर येऊन श्वास घेऊ लागला की मग एकदम लोंढा यायचा. याचा अर्थ बुडीत स्नायूंकडे जाणारं रक्त जवळपास तोडलेलं होतं. तयार झालेलं ॲसिड तिथंच कोंडून राहत होतं आणि रस्ता उघडल्यावर बाहेर पडत होतं. १९४० साली त्यानं हे सगळं छापलं.

माणसाची पाळी आली ती आणखी वीस वर्षांनी. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला टोरेस सामुद्रधुनीत शिंपले काढणारे पाणबुडे होते, त्यांच्यावर शोलांडर आणि मंडळींनी मोजमाप केलं. १९६२ चा निबंध. तोच नमुना! नाडी मंद, आणि लॅक्टिक ॲसिड वर आल्यानंतर. सीलइतकं टोकाचं नाही, पण यंत्रणा तीच.

आता माझा घमेल्याचा प्रयोग. कोविडच्या वेळी घेतलेला बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घरात पडून होता. बसून नाडी ७६. नुसता श्वास धरून तीस सेकंदांनी ७०. मग घमेल्यात पाणी, त्यात फ्रीजमधला बर्फाचा एक ट्रे, आणि कपाळापर्यंत तोंड आत. बायको आकडे वाचत होती. पहिल्या काही सेकंदांत वाढले, ८१. मग ७४, ६६, ६१, आणि पंचविसाव्या सेकंदाला ५८. त्यानंतर यंत्रानं आकडाच दाखवायचा बंद केला, नुसत्या दोन रेघा. सेल संपले म्हणून मी शिव्या दिल्या. तोंड वर काढून पुसलं तर अर्ध्या मिनिटात आकडा परत हजर.

तर मंडळी, विहिरीतले, नदीतले, धरणातले अनुभव टाका. खाली गेल्यावर तुमचं काळीज गप बसतं का?

---

मोदक_पुणे | ११ मे, सकाळी १०:४०

लेख झकास. पण विहिरीत फुटबॉल अडकतो म्हणजे? कुणी खेळताना पडतो का? खरंच विचारतोय.

---

येरळाकाठ | ११ मे, सकाळी १०:४६

@मोदक, हाहा. फुटव्हॉल हो. सक्शन पाइपच्या टोकाला जाळीची झडप असते, मोटर बंद झाली की पाणी परत विहिरीत जाऊ नये म्हणून. त्यात कचरा अडकला की पाणी धरत नाही. आमच्याकडं दुकानदारसुद्धा बिलावर फुटबॉलच लिहितो.

---

जुना_खोडकर | ११ मे, दुपारी १२:०५

मी सातारचा, पोहायला शिकलो माहुलीला आणि मामाच्या विहिरीत. तेव्हा डबे कुठले, पांगिऱ्याचा बिंडा पाठीला. आणि शिकवण्याची पद्धत एकच, मामा मागून येऊन ढकलायचा.

उन्हाळ्यात 'तळ आणायचा' खेळ असायचा. तळापर्यंत जाऊन मूठभर गाळ वर आणून दाखवायचा, नाहीतर फुशारकी मान्य नाही. त्यात आण्णांसारखं वाटायचं खरं. खाली गारवा, कानात दडा, आणि आत सगळं संथ.

पण माझा उलटा अनुभवही आहे. डिसेंबरात पहाटे संगमावर पैज लावून मुटका मारला. पाण्यात पडताक्षणी छातीतून 'हां' करून श्वास आत ओढला गेला, नाकातोंडात पाणी, आणि काळीज असं धडधडायला लागलं की कानात ऐकू येत होतं. गप वगैरे काही नाही. मग तुमचं ते रिफ्लेक्स त्या दिवशी रजेवर होतं का?

---

भुलीचा_डॉक्टर | ११ मे, दुपारी ३:३०

दोन ऑपरेशनांच्या मध्ये वाचत होतो, आता सविस्तर लिहितो. मी मिरजेत भूल देतो, त्यामुळे नाडी पडणे हा माझा रोजच्या पोटापाण्याचा विषय.

@जुना_खोडकर, रजेवर नव्हतं, त्याला दुसऱ्यानं दाबलं. एकदम गार पाण्यात अख्खं अंग पडलं की कातडीकडून येणारा धक्का वेगळा. त्याला कोल्ड शॉक म्हणतात. त्यात श्वास आत ओढला जातो, धाप लागते, नाडी आणि रक्तदाब वाढतो. हा पहिल्या मिनिट-दोन मिनिटांचा कारभार. बुडीची प्रतिक्षिप्त क्रिया चेहऱ्यावरून सुरू होते आणि तिला श्वास धरलेला लागतो. मुटका मारला तेव्हा दोन्ही हुकूम एकाच वेळी सुटले, एक म्हणतो पळ, दुसरा म्हणतो थांब. तरण्या माणसाला हे सहसा पचतं. ज्याच्या हृदयाच्या ठोक्यांत आधीच गडबड आहे त्याला अशा ओढाताणीत भलतंच होऊ शकतं.

आता वायरिंग. चेहऱ्याची, त्यातही कपाळ, डोळ्यांभोवतीचा भाग आणि नाक यांची संवेदना मेंदूकडे नेते ती ट्रायजेमिनल नस. मेंदूतून निघणाऱ्या नसांपैकी पाचवी. तिथून निरोप मेंदूच्या देठात जातो आणि दहाव्या नसेतून, म्हणजे व्हेगसमधून, हृदयाला 'सावकाश' असा हुकूम येतो. त्याच वेळी दुसऱ्या वाटेनं हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. पाणी जितकं गार तितका परिणाम ठळक, कोमट पाण्यात बराच कमी. साध्या माणसात नाडी १० ते २५ टक्के उतरते, सराव असलेल्यांत आणखी. लहान बाळांत ही क्रिया जोरदार असते.

आम्हा भूलवाल्यांना हिचीच सख्खी बहीण रोज भेटते. तिरळेपणाच्या ऑपरेशनात सर्जननं डोळ्याचा स्नायू ओढला की मॉनिटरवर नाडी धाडकन खाली येते. नसा त्याच, पाचवी आणि दहावी. सर्जनला "सोडा" म्हणायचं, तरी नाही आली तर ॲट्रोपिन. ते व्हेगसचा हुकूम अडवतं.

@येरळाकाठ, सेलना उगाच शिव्या दिल्यात. बोटातल्या रक्तवाहिन्या आवळल्या म्हणून यंत्राला ठोका सापडेना. शोलांडरला सीलच्या रक्तात जे दिसलं त्याचा थोडासा नमुना तुम्हाला बोटावर दिसला. घमेल्यातली सगळ्यात भारी गोष्ट त्या दोन रेघा आहेत. आणि पहिल्यांदा ८१ झाले तो गार पाण्याचा दचका.

---

वायरमन_निवृत्त | ११ मे, सायंकाळी ५:१५

डॉक्टरसाहेब, आमच्या भाषेत सांगतो. सबस्टेशनला लोड कमी मिळाला की काय करायचं? शेतीपंपाचं फीडर पाडायचं, गावठाण चालू ठेवायचं. हात, पाय, कातडी म्हणजे शेती. मेंदू आणि हृदय म्हणजे गावठाण. लाइट परत आली की सगळ्या मोटरी एकदम चालू होतात आणि लाइनवर झटका बसतो, तेच ते ॲसिडचं लोंढ्यासारखं येणं. ३१ वर्षं हेच केलं, आणि आता कळतंय की सीलच्या अंगात पण लोडशेडिंग आहे.

---

येरळाकाठ | ११ मे, सायंकाळी ५:३२

@वायरमन, दंडवत! माझ्या आठशे शब्दांचं तुम्ही चार ओळींत केलंत. आणि गंमत बघा, शोलांडरनं १९६३ साली सायंटिफिक अमेरिकनमध्ये या विषयावर लेख लिहिला त्याचं शीर्षकच 'जीवनाचा मेन स्विच' अशा अर्थाचं होतं.

---

गडावरचा | ११ मे, रात्री ८:२०

यात शोध कसला? आपल्याकडे कुंभक हजारो वर्षांपासून आहे. गार पाण्यानं तोंड धुणं, पहाटेचं नदीस्नान, सगळं विचारपूर्वक ठरवलेलं. पाश्चात्त्यांनी बदकं मारून जे शोधलं ते आपल्या पूर्वजांना अंगवळणी होतं.

---

शंकेखोर | ११ मे, रात्री ९:०२

@गडावरचा, अंगवळणी असणं आणि कारण सापडणं यात फरक आहे. आण्णांनाही अंगवळणी होतं. पण हवेतलं बदक आधी मेलं आणि पाण्यातलं नंतर, हा फरक कुणीतरी मुद्दाम मांडून बघेपर्यंत 'साठा की खर्च' हा प्रश्नच पडत नाही. कुंभकात तोंड पाण्यात नसतं, त्यामुळे तुलना तशीही अर्धीच लागू पडते.

मला शोलांडरच्या प्रयोगाबद्दलच एक शंका होती आणि ती आधी दुसऱ्यालाही आली होती. फळीला बांधलेला सील काय सांगणार? त्याला कुठं माहीत आपल्याला कधी वर काढणार आहेत. १९६० च्या दशकात जेराल्ड कूयमन अंटार्क्टिकाला गेला. तिथले वेडेल सील बर्फातल्या भोकातून बुडी मारतात. त्यानं अशा जागी भोक पाडलं की आसपास दुसरं भोकच नाही. सील कुठंही फिरला तरी श्वासाला तिथंच परत येणार. मग त्याच्या पाठीवर वेळ आणि खोली नोंदवणारं यंत्र लावायचं आणि वाट बघायची. पहिलं यंत्र चक्क स्वयंपाकघरातल्या टायमरवर बेतलेलं होतं.

पुढच्या वर्षांत अशा मोकळ्या सीलांचं रक्त तपासलं तेव्हा निघालं की स्वतःच्या मर्जीनं मारलेल्या बहुतेक बुड्या वीसेक मिनिटांच्या आतल्या असतात आणि त्यांत लॅक्टिक ॲसिडचा तो लोंढा येतच नाही. म्हणजे सील एरवी सगळी फीडरं पाडत नाही. बेतानं पाडतो. लांबच्या बुडीत, किंवा जबरदस्तीनं बुडवल्यावर, सगळं बंद. शोलांडर चुकला असं नाही, त्यानं मोजलं ते खरंच होतं. पण ते बांधलेल्या जनावराचं होतं.

---

जुना_खोडकर | ११ मे, रात्री ९:२०

म्हणजे मामानं ढकललेला मी आणि स्वतः सूर मारणारा मी, हे दोन वेगळे सील. हे वाचून मामावरचा राग ताजा झाला.

---

कृष्णामाई | १२ मे, सकाळी ७:५०

सगळा धागा वाचला. आण्णा, मामा, तळ आणणारी पोरं, फळीवरचा सील. एकाही विहिरीत एकही मुलगी नाही! आम्ही सांगलीत घाटाच्या पायऱ्यांवर बसून भावांना आयर्विन पुलावरून सूर मारताना बघायचो, आणि आम्हाला घोट्यापर्यंत पाण्यात जायची परवानगी.

म्हणून मुद्दाम सांगते. माणसाच्या बुडीचा जो अभ्यास १९६० च्या दशकात झाला त्यातला मोठा वाटा बायकांवरचा आहे. कोरियातल्या हेन्यो आणि जपानमधल्या आमा. समुद्राच्या तळाशी जाऊन शिंपले आणि शेवाळ काढणं हा पिढ्यान्‌पिढ्या बायकांचा धंदा. सुक की होंग आणि हर्मन रान या दोघांनी त्यांच्यावर बरीच वर्षं काम केलं. तेव्हा कोरियातल्या या बायका हिवाळ्यातही साध्या सुती कपड्यांत उतरायच्या, समुद्राचं पाणी १० अंशांच्या आसपास. बाळंतपणाच्या अगदी जवळ येईपर्यंत काम चालू. त्या दिवसभर वर-खाली करतात, एकेक बुडी अर्ध्या-एक मिनिटाची. विक्रमाचं कुणाला काय पडलंय. घर चालवायचं असतं.

परवाच मी वयाच्या ४८ व्या वर्षी तरणतलावाच्या क्लासला नाव घातलंय. अजून तोंड पाण्यात घालायला धीर होत नाही. घमेल्यापासून सुरुवात करावी म्हणते.

---

भुलीचा_डॉक्टर | १२ मे, सकाळी ८:३०

@कृष्णामाई, घमेलं चालेल, पण बर्फ नको, साधं पाणी, आणि शेजारी कुणीतरी हवं. सगळ्यांनाच सांगतो, हृदयाचा त्रास, बीपी-नाडीची औषधं किंवा चक्कर येण्याची सवय असेल तर हा प्रयोग करूच नका. नाडी खाली जाणं हा प्रत्येकासाठी खेळ नाही.

औषध म्हणून याचा उपयोग आहे, पण तो दवाखान्यात. काहींची नाडी अचानक १८०-२०० ला जाते, हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून शॉर्टसर्किट झाल्यासारखी. अशा रुग्णाला थंड पाण्यात तोंड घालायला लावून नाडी ताळ्यावर आणता येते हे १९७० च्या दशकात वैद्यकीय नियतकालिकांत आलं. तान्ह्या बाळांना तोंडावर काही सेकंद बर्फाची पिशवी ठेवतात. हे पहिल्यांदा करताना माझेच हात थरथरत होते. बाळ दचकलं, मॉनिटरवरची रेघ एक क्षण सपाट झाली, आणि मग टिक, टिक, टिक, १३०. तो एक क्षण मी अजून विसरलेलो नाही.

---

येरळाकाठ | १२ मे, दुपारी १:१०

आता न सांगितलेली गोष्ट सांगतो. लेखात मुद्दाम टाळली होती.

अकरावीत होतो. आण्णा शंभरपर्यंत राहतात तर मी दीडशे राहणार, अशी पैज. कुणीतरी सांगितलं होतं की आधी जोरजोरात वीस-पंचवीस श्वास घ्यायचे म्हणजे छातीत हवा भरून राहते. घेतले. हातापायांना मुंग्या आल्या, मजा वाटली. खाली गेलो तर दम लागेचना! ऐंशी झाले, शंभर झाले, श्वास घ्यावासाच वाटत नव्हता. वाटलं आपण जिंकलो. वर येताना पाण्यातून ऊन दिसत होतं, हिरवं हिरवं, तेवढंच आठवतं.

पुढचं आठवतं ते पायरीवर उपडा पडलेलो आणि आण्णा पाठीवर थापा मारतायत. पृष्ठभागाच्या दोन हात खाली माझे हातपाय थांबले म्हणे. केस धरून ओढला. त्यानंतर आण्णांनी कानाखाली एकच दिली. "दम भरून जायचं नस्तं, दम घिऊन जायचं अस्तं," असं काहीतरी म्हणाले. फरक तेव्हा कळला नाही.

---

भुलीचा_डॉक्टर | १२ मे, दुपारी २:२५

@येरळाकाठ, तुमच्या आण्णांना माझा नमस्कार सांगा. पोहणाऱ्या पोरांच्या आईबापांनी हा प्रतिसाद तरी वाचावाच.

श्वास घ्यावासा वाटतो तो प्राणवायू कमी पडला म्हणून नव्हे. मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठला म्हणून. जोरजोरात श्वास घेतल्यानं प्राणवायूचा साठा फारसा वाढत नाही, रक्त आधीच जवळपास भरलेलं असतं. धुऊन जातो तो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे तुम्ही टाकी भरली नाहीत, गजर काढून ठेवलात. खाली पाण्याच्या दाबामुळे फुप्फुसातला उरलासुरला प्राणवायू रक्तात ढकलला जात असतो, त्यामुळे शुद्ध टिकते. वर येताना दाब उतरतो आणि तोही आधार जातो. म्हणून माणूस तळाशी नाही, पृष्ठभागाच्या हातभर खाली बेशुद्ध होतो. धडपड नाही, हाक नाही. काठावरच्यांना वाटतं अजून बुडी चालू आहे.

बुडीची प्रतिक्षिप्त क्रिया इथं वाचवत नाही. ती खर्च कमी करते. गजर वाजवणं तिचं काम नाही.

---

हरिपूरचा_पेव | १२ मे, दुपारी ४:००

डॉक्टरांनी गजर म्हटल्यावर लिहावंसं वाटलं. आमच्या हरिपुरात हळद साठवायची पेवं होती, जमिनीत खोल खणलेली, तोंड बंद करून टाकायची. आत हवा शिरत नाही म्हणून हळदीला कीड लागत नाही. २००५ च्या महापुरात बहुतेक गेली. पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरायचं नाही, काही तास उघडं ठेवायचं आणि आधी कंदील सोडायचा. कंदील विझला तर माणूस पण विझणार. आजोबा म्हणायचे, पेवात माणूस गुदमरून ओरडत नाही, बसल्यासारखा बसतो. आत प्राणवायू नाही हे अंगाला कळतच नाही, म्हणून कंदिलाला विचारायचं.

पाण्यात कंदील सोडता येत नाही. म्हणून काठावर माणूस पाहिजे.

---

मोदक_पुणे | १२ मे, सायंकाळी ६:४०

पेवाचं वाचून काटा आला. एक भाबडा प्रश्न: नुसत्या दमावर माणूस किती खोल जाऊ शकतो? आण्णा तीस फूट, मग पुढं?

---

शंकेखोर | १२ मे, सायंकाळी ७:१५

@मोदक, १९१३ साली इटलीच्या 'रेजिना मार्गेरिटा' या युद्धनौकेचा नांगर ग्रीसच्या कारपाथोस बेटाजवळ हरवला. तो शोधायला उतरला स्टाटी नावाचा ग्रीक स्पंज काढणारा. डॉक्टरांनी तपासलं तर फुप्फुस खराब, कानाचा पडदा फाटलेला. हा गडी सुमारे ७७ मीटर खाली गेला आणि नांगर सापडला. साताऱ्याजवळची लिंबची बारा मोटेची विहीर ११० फूट खोल सांगतात. तशा दोन विहिरी एकावर एक ठेवल्या तरी स्टाटी त्यांच्याही खाली.

पुढे शास्त्रज्ञांना कोडं पडलं ते याचं की छाती चिरडत कशी नाही. दर १० मीटरला एक वातावरण दाब वाढतो. ७७ मीटरवर फुप्फुसातली हवा नवव्या हिश्शाच्या आसपास उरते, बरगड्या तेवढ्या आत जाऊच शकत नाहीत. १९६८ साली अमेरिकन नौदलाच्या रॉबर्ट क्रॉफ्टवर मोजमाप झालं तेव्हा दिसलं की हातापायांतून आवळून काढलेलं रक्त छातीत येऊन ती जागा भरतं, लिटरभर रक्त. त्याच वर्षी तो ७३ मीटर गेला. १९७६ साली झाक मायोल एल्बा बेटाजवळ १०० मीटर. हे सगळे दोरी धरून, माणसं वर उभी करून.

प्लीहाही (पोटातली स्प्लीन) कामाला येते. बुडीत ती आकसते आणि राखीव तांबड्या पेशी रक्तात सोडते. इंडोनेशियाच्या बजाऊ लोकांची प्लीहा शेजारच्या जमातीपेक्षा सुमारे निम्म्यानं मोठी निघाली, २०१८ चा अभ्यास. जे बजाऊ स्वतः बुड्या मारत नाहीत त्यांचीही मोठी. म्हणजे ते पिढ्यांचं देणं.

---

गडावरचा | १२ मे, रात्री ८:०५

@शंकेखोर, बदकाच्या मुद्द्यावर विचार केला. साठा की खर्च हे मान्य. पण आण्णा आधी तोंडावर पाणी मारायचे, त्याचं काय? ते तरी जाणून केलेलं ना?

---

भुलीचा_डॉक्टर | १२ मे, रात्री ९:३०

@गडावरचा, चांगला प्रश्न. नुसत्या शिंतोड्यांनी बुडीची क्रिया सुरू होत नाही, श्वास धरून तोंड पाण्यात राहायला हवं. पण आधी पाणी अंगावर घेतल्यानं गार पाण्याचा दचका ओसरतो आणि तो पहिला बेलगाम श्वास टळतो. खोडकरांनी संगमावर हेच केलं नव्हतं. आण्णांना काय वाटायचं ते आण्णांनाच विचारा की.

---

येरळाकाठ | १३ मे, सकाळी ९:२०

विचारलं. काल रात्री जेवणं झाल्यावर ओट्यावर बसून आण्णांना अख्खा धागा वाचून दाखवला. बदकापाशी 'च्‌ च्‌' केलं. वायरमनच्या फीडरवर जाम हसले. तोंडावर पाणी मारायचं कारण? "वडील मारायचे म्हणून मी मारायचो. पाण्यात शिरायच्या आधी पाण्याला कळवायचं." एवढंच. शास्त्रही नाही आणि पूर्वजांचं गुपितही नाही, दोन्ही बाजूंनी मिटवून घ्या.

फळीला बांधलेल्या सीलपाशी मात्र मला थांबवलं. "त्याला बांधून बुडवला?" म्हटलं हो. बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "मग त्याचं काळीज गप बसलं न्हवतं. त्ये भ्यालं हुतं."

मी कूयमनचा मोकळा सील परत वाचून दाखवला. त्यावर मान हलवली आणि विचारलं, "त्याला परत यायला भोक एकच हुतं न्हवं? मला पाइप हुता. पाइप सोडून मी कधी गेलो न्हाय."

आता शिवारात बहुतेकांनी सबमर्सिबल, म्हणजे पाण्यातच बुडवून ठेवायच्या मोटरी टाकल्यात, त्यामुळे बोलावणं येत नाही. आज दुपारी पोरांना घेऊन परत विहिरीवर चाललोय. आण्णा काठावर बसणार आहेत, मोजायला. मोठे श्वास घेऊन बुडी मारणाऱ्याला कानाखाली, असं त्यांनी सकाळीच जाहीर केलंय. फोटो संध्याकाळी टाकतो.

---

कृष्णामाई | १३ मे, सकाळी ९:४१

काल क्लासला तोंड पाण्यात घातलं. सात सेकंद. गप वगैरे काही बसलं नाही, पण आज परत जाणार आहे.

---

मोदक_पुणे | १३ मे, सकाळी ९:५५

@येरळाकाठ, फोटोत फुटबॉल पण येऊ द्या.